तिसऱ्या दोनशे मीटरचं वळण

आई,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुमच्यावर चिडलेली आहे. भेटायला येणाऱ्या बायका सांगतात, दुःखात माणसाला असा राग येतोच, जाईल हळूहळू. हा तसा राग नाही. ह्याला कारण आहे आणि ते मला परवा कळलं. पण कारण आधीच सांगून टाकलं तर तुम्ही म्हणाल, ही पुण्याची पोरगी गोष्ट नेहमी शेपटाकडून धरते. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी ऐका. माझ्या बाजूनं ते तुम्ही कधी बघितलेलं नाही.

तुमच्या हृदयात स्टेंट बसला तेव्हा मी ह्या घरात नवीन होते. संतोष दिवसभर गौलीगुड्याला, स्पेअर पार्टच्या दुकानात. मी घरून लॅपटॉपवर. डॉक्टरांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलं होतं, पण आपल्या अंबरपेठच्या गल्लीत चालायचं म्हणजे दर चार पावलांना एक भाजीची हातगाडी, तुमच्या भाषेत बंडी, आणि एक ओळखीची बाई. तुम्ही चालायला जायचात आणि कोथिंबीर घेऊन परत यायचात. मग संतोषनं ते काम माझ्याकडे दिलं. तुम्हाला स्कूटरवरून तारनाक्याला न्यायचं, विद्यापीठाच्या मैदानावर चालवायचं, परत आणायचं. मला तेव्हा तुमची भीती वाटायची. तुमचं मराठी मला अर्धं कळायचं नाही. "हल्लू चालव," "कायकू परेशान होऊ लालीस," असं तुम्ही मागच्या सीटवरून म्हणायचात, कशाला त्रास करून घेतेस असा त्याचा अर्थ हे आता कळतं, आणि मी काही न समजता नुसतं "हो" म्हणायचे. तुम्ही हसायचात. मला वाटायचं, माझ्यावर हसताय.

मैदानावर रमादेवी होत्या. रेल्वेतून निवृत्त झालेल्या, तुमच्याच वयाच्या, उंच, केस बारीक कापलेले. आपण चालायचो आणि त्या पळायच्या. बाजूनं जाताना दर वेळी विचारायच्या, "बागुन्नारा अम्मा?" बऱ्या आहात ना, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या मनात काही नसायचं. पण तुमचे ओठ घट्ट मिटायचे. हळदीकुंकवाला दुसरीची साडी आपल्याहून भारी निघाली की मिटायचे, तसे. एका सकाळी त्या अशाच बाजूनं गेल्या आणि मी शेजारी बघते तर तुम्ही नाही. निऱ्या एका हातात धरून तुम्ही रमादेवींच्या मागे पळत होतात.

मी मागे धावले. तुम्ही वळणापर्यंत गेलात आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकलात. मी पोचेपर्यंत दवाखाना, संतोष, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तुम्ही मान वर केलीत. चेहरा लाल होता आणि तुम्ही हसत होतात. म्हणालात, "चालून चालून माणूस म्हातारं होतंय गं. हे बरं आहे."

घरी कुणाला सांगू नकोस, असं तुम्ही म्हणाला नाहीत. तरी मी सांगितलं नाही.

मी कॉलेजात आठशे मीटर पळायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं. लग्नानंतर मी बूटसुद्धा पुण्याला ठेवून आले होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बसायच्या आधी विचारलंत, पळायचं कसं ते मला शिकवशील का. मी म्हटलं, आधी डॉक्टर. डॉक्टरांनी तुम्हाला फिरत्या पट्ट्यावर पळवून तपासलं, कागदाची गुंडाळी बघितली आणि म्हणाले, पळा, पण जीव तोडून नको. बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "आठशे मीटर म्हणजे काय असतंय?" मी काय सांगणार होते? आठशे मीटर म्हणजे जीव तोडूनच. शंभर मीटरमध्ये विचार करायला वेळ नसतो, लांबच्या शर्यतीत श्वासाची लय सापडते. ह्या दोन फेऱ्यांत दोन्ही नाही. पहिली फेरी सोपी वाटते आणि तिथंच माणूस फसतं. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, तिसऱ्या दोनशे मीटरमध्ये, पाय म्हणतात पुरे, आणि शेवटची रेषा अजून दिसतही नाही. शर्यत तिथं जाते. मी हे सगळं सांगितलं, म्हणजे तुम्ही नाद सोडाल. तुम्ही म्हणालात, "मग तेवढंच शिकव."

आपण त्या तिसऱ्या दोनशेसाठीच तयारी केली. आधी हळूहळू लांब पळणं, मग दोनशे-दोनशेचे तुकडे, मध्ये चालत विसावा. प्रत्येक तुकड्यानंतर मी तुमच्या मनगटावर बोटं ठेवायचे. तुम्ही आकाशाकडे बघत उभ्या राहायचात आणि मी तुमच्या नाडीकडे कान लावून. तुम्हाला त्याचा वैताग यायचा. तुम्हाला कळलं नसेल, आई, पण त्या सकाळींत मी एकदाही निवांत नव्हते. तुम्ही पलीकडच्या वळणाला पोचलात की मी श्वास धरायचे आणि सरळ रेषेत तुमचा चेहरा दिसला की सोडायचे. तुमच्याइतकीच मी दमायचे.

पण त्याच सकाळींत हे शहर मला मिळालं. पळून झाल्यावर तारनाक्याच्या बंडीवर इडली खायची आणि तिथं तुम्ही मला तेलुगू शिकवायचात. आधी भाव करायचं, मग भांडायचं. विद्यानगरवरून परत येताना कुठल्या गल्लीत कुणाचं घर, कुठल्या घरात कुणाची सून पळून गेली, हे तुम्ही माझ्या कानात सांगायचात. पहिलं वर्षभर मी रोज संध्याकाळी पुण्याला फोन करून रडायचे. तो फोन कधी बंद झाला, मला आठवत नाही. ह्याचे आभार मी तुमचे कधी मानले नाहीत. आपल्या दोघींत तशी पद्धत नव्हती.

ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धेचं रमादेवींनीच सांगितलं. त्या दर वर्षी आठशे मीटर जिंकत होत्या. तुम्ही मला न विचारता नाव दिलंत आणि मग संतोषला सांगावं लागलं.

त्या संध्याकाळी तो तुमच्यावर आवाज चढवून बोलला नाही. माझ्यावर बोलला. त्याचे बाबा दुकानात, गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि संतोष आत माल काढत होता. तेव्हापासून घरात कुणाला ठसका लागला तरी तो उठून उभा राहायचा. आणि मी त्याच्या आईला, स्टेंट बसलेल्या आईला, मैदानात पळवत होते. तो म्हणाला, "तुझी आई असती तर पळवली असतीस का?"  पुढचे किती तरी दिवस आम्ही डब्यापुरतं आणि किल्ल्यांपुरतं बोलत होतो.

मध्यस्थी तुम्ही केलीत. ठरलं ते असं. शर्यतीच्या दिवशी मी तिसरं दोनशे संपतं त्या वळणावर, कठड्याबाहेर, माझी केशरी ओढणी घेऊन उभी राहणार. मला काही वावगं दिसलं की मी ओढणी वर करायची आणि तुम्ही थांबायचं. पुढे कुणी असो, मागे कुणी असो. संतोषनं तुम्हाला शपथ घ्यायला सांगितली. तुम्ही म्हणालात, "शपथ नक्को. शब्द देते."

स्पर्धेला तो आला नाही. दुकान उघडून बसला.

त्या दिवशी तुम्ही निळी ट्रॅक पँट आणि वर कुर्ता घातला होता. सहा बायका होत्या. मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं, पहिल्या फेरीत रमादेवींच्या मागे लागू नका. बार झाला आणि तुम्ही त्यांच्या खांद्याला खांदा लावून निघालात. माझ्यासमोरून पहिल्यांदा गेलात तेव्हाच मला कळलं, हे फार जोरात आहे. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. घंटा वाजली, दुसरी फेरी सुरू झाली. रमादेवी पुढे, मागे तुम्ही, बाकीच्या खूप मागे. समोरच्या सरळ रेषेतून तुम्ही माझ्या दिशेनं येत होतात आणि मी फक्त तुमच्याकडे बघत होते. ओठ पांढरे दिसत होते. आणि तुमचा डावा हात हलत नव्हता. उजवा मागेपुढे जात होता, डावा अंगाला चिकटल्यासारखा.

मी ओढणी वर केली. तुम्ही थांबलात.

ह्याच क्रमानं मला ते आठवतं. वर्षाहून जास्त काळ मी ते ह्याच क्रमानं आठवत आले.

तुम्ही पळण्याच्या पट्ट्यावरून बाजूच्या गवतावर आलात आणि बसलात. मी कठडा ओलांडून धावले. नाडी जोरात होती, पण सुरळीत होती. तुम्ही पाणी प्यायलात, चूळ भरलीत आणि म्हणालात, "काही झालं नव्हतं मला." मी म्हटलं, हात? तुम्ही म्हणालात, खांद्यात गोळा आला होता. दुपारी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढला. काही निघालं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि मला मेल्यासारखं वाटत होतं. तुम्ही दुसऱ्या होतात. पदक समोर होतं. सगळ्या मैदानासमोर तुम्ही शब्द पाळला होता आणि तो उगाच पाळायला मी लावलं होतं.

घरी आल्यावर तुम्ही ते वाक्य बोललात. स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, तांदूळ निवडता निवडता. "तू माझ्याकडं बघून ओढणी उचलली नाहीस. संतोषकडं बघून उचललीस."

संतोष तर तिथं नव्हताच. पण तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं, आणि ते खोटं आहे असं छातीवर हात ठेवून मला म्हणता आलं नाही. मी तुमचा हात बघितला होता हे खरं. पण त्याआधी महिनाभर मी संतोषचा चेहरा बघत होते, हेही खरं. मी वाद घातला. म्हटलं, ओठ पांढरे होते तुमचे. तुम्ही म्हणालात, "पळताना लाल राहतात का कुणाचे?" मी म्हटलं, पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा उचलेन. तुम्ही म्हणालात, "उचल ना. मी कुठं नको म्हणू लाले?" आणि तांदूळ धुवायला उठलात.

हा वाद आपण संपवला नाही. अधूनमधून तो निघायचा. टीव्हीवर कुणी पळताना दिसलं की निघायचा. कधी तुम्ही थट्टेनं काढायचात, कधी बोचरेपणानं, आणि मी दर वेळी तेच उत्तर द्यायचे, थोडं कमी जोरात.

स्पर्धेनंतर आठवडाभर आपण मैदानावर गेलो नाही. मग एका सकाळी मी दार उघडलं तर तुम्ही बुटांच्या नाड्या बांधून पायरीवर बसलेल्या. म्हणालात, चल, तिसरं दोनशे राहिलंय आपलं. मी निमूटपणे स्कूटर काढली. त्या वर्षी तुम्ही माझं सगळं ऐकलंत. पहिली फेरी दाबून पळायची, म्हणजे दाबून. रमादेवी पुढे गेल्या तरी जाऊ द्यायचं. तुम्हाला ते किती जड जायचं, मला दिसत होतं. तुम्ही पळताना मनात मोजायला लागलात, म्हणजे पाय आपल्या मनानं जोर करणार नाहीत. पण एक बदल मला तेव्हा खटकला होता. तुम्ही मनगट द्यायचं बंद केलंत. मी हात पुढे केला की म्हणायचात, "किती धरशील? नवरी आहे का मी?" आणि चालायला लागायचात.

पुढच्या स्पर्धेचं जाहीर झालं त्या दिवशी जेवताना तुम्ही सांगितलंत, ह्या वेळी ओढणी घेऊन संतोष उभा राहील.

त्यानं ताटावरून मान वर केली आणि नाही म्हणाला. तुम्ही त्याला भात वाढलात. तो म्हणाला, तुला पळायचं असेल तर पळ, मी बघायला येणार नाही. मग आवाज चढला. माझा बाप माझ्या पाठीमागं गेला आई, मी वळून बघेपर्यंत गेला, आता तू माझ्यासमोर जाणार आहेस का, असं काही तरी तो बोलला. मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसले होते. तुमचा आवाज मात्र चढला नाही.

"तुझा बाप दुकानात बसल्या बसल्या गेला," तुम्ही म्हणालात. "मग दुकान बंद केलास का तू?"

तो उठला, हात धुतला, आत गेला. सकाळी चहा पिताना विचारलं, कुठल्या वळणावर उभं राहायचं असतं.

मला तुम्ही प्रेक्षकांत बसवलंत. वर, सावलीत. म्हणालात, तू खाली असलीस की माझं लक्ष जातंय. मी वर बसले आणि माझ्या हातात काही नव्हतं. तुमच्याकडे बघायचं की संतोषकडे, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तो कठड्याला पोट लावून उभा होता, माझी ओढणी दोन्ही हातांत धरून, कुणी ओढून नेईल अशी. आदल्या रात्री तो झोपला नव्हता. सकाळी रिक्षा बोलवायला जाताना त्यानं मला एकच विचारलं होतं, की माणसाच्या तोंडावर ते दिसतं का आधी. मी म्हटलं, मला माहीत नाही.

बार झाला. ह्या वेळी तुम्ही मागे राहिलात, शेवटून दुसऱ्या. पहिल्या फेरीत त्याच्यासमोरून गेलात तेव्हा तो वाकून बघत होता. त्यानं तुम्हाला कधी पळताना बघितलंच नव्हतं, हे माझ्या त्या क्षणी ध्यानात आलं. घंटा वाजली आणि तुम्ही बाहेरच्या बाजूनं एकीला मागे टाकलंत, मग आणखी एकीला. सरळ रेषेत तिसरी. मला इतक्या लांबून तुमचे ओठ दिसत नव्हते. मला संतोषचे हात दिसत होते. तुम्ही त्याच्या जवळ येत गेलात तसे ते वर आले. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. केशरी रंग छातीशी आला. मी उभी राहिले. माझ्या तोंडून "नको" आलं की "उचल" आलं, देवाशप्पथ मला सांगता येणार नाही.

हात छातीशीच थांबले. तुम्ही त्याच्यासमोरून गेलात. आणि मग तो पळायला लागला. कठड्याच्या बाहेरून, दुकानाच्या चपला घालून, ओढणी खांद्यावर टाकून, तुमच्या बरोबरीनं, शेवटच्या रेषेपर्यंत. अधिकारी त्याच्यावर ओरडत होते.

रमादेवींच्या मागोमाग तुम्ही रेषा ओलांडलीत. मी खाली पोचले तेव्हा तुम्ही गवतावर आडव्या होतात आणि संतोष तुमच्या तोंडावर पाणी शिंपडत होता. तुम्ही त्याला म्हणत होतात, "पुरे, आंघोळ झाली." घरी येताना रिक्षात तो म्हणाला, आई, तुझा डावा खांदा वर जातोय पळताना, तो जरा खाली घे. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. बाहेर बघायला लागलात.

त्यानंतर चार महिने. त्या दिवशी आपण मैदानावर गेलोच नव्हतो, माझी मीटिंग होती. तुम्ही जेवलात, भांडी आवरलीत, जरा पडते म्हणालात. चारला मी चहा घेऊन आले. बाकीचं तुम्हाला सांगायला नको.

तेराव्याला घर भरलं होतं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, ह्या वयात पळायचं काय काम होतं. कुणी हळू म्हणत होतं, कुणी मला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं. शेवटी बिदरचे काका माझ्याकडे वळले आणि त्यांनी सरळ विचारलं, वहिनीला पळायला लावलं कोण.

मी तोंड उघडायच्या आत संतोष म्हणाला, "मी. मैदानावर मी उभा होतो, काका."

काका पान खात बसले. मुलाला कोण काय बोलणार?

परवा रमादेवी आल्या. इतके दिवस गावी होत्या, त्यांना कळलंच नव्हतं. तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी चहा केला. तुमच्याबद्दल बोलत राहिल्या, त्यांच्या त्या तेलुगू वळणाच्या हिंदीत. मग म्हणाल्या, विमलाम्मांनी पहिल्या वेळी फार धाडस केलं, थांबायला जास्त हिंमत लागते. मी म्हटलं, मावशी, त्या नाही थांबल्या. मी ओढणी दाखवली म्हणून थांबल्या. माझी चूक झाली होती.

रमादेवींनी कप खाली ठेवला. "नहीं बहू," त्या म्हणाल्या. "पीछे से आवाज आया मेरे को. 'रमा, मैं रुकती, दुखता है.' मैं सामने देखी, तुम अभी हाथ उठाए नहीं थे."

मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तुम्ही आधी थांबलात, आई. ओढणी नंतर वर गेली. त्यांना वाटत होतं, हे मला माहीत आहेच.

त्या गेल्यावर मी तुमच्या खोलीत जाऊन बसले आणि मला इतका राग आला, की तुमच्या फोटोकडे बघवेना. वर्षाहून जास्त, आई. वर्षाहून जास्त काळ तुम्ही मला ते वाहायला लावलंत. तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे पाठ करून, तुम्ही खोटं बोललात आणि ते मी मुकाट्यानं खाल्लं. आणि का, तेही मला कळलं. दुखलं म्हणून थांबले, असं एकदा तोंडातून निघालं असतं तर मैदान कायमचं बंद झालं असतं. सून चुकली म्हटलं की पुन्हा जाता येत होतं. म्हणून तुम्ही मनगट देत नव्हतात. म्हणून रिक्षात खांद्याचा विषय निघाला तेव्हा बाहेर बघत होतात. दुखत होतं आणि तुम्ही ते घेऊन पळत होतात. मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? डॉक्टरकडे ओढत नेलं असतं. तुम्ही आज असता. किंवा असता आणि खुर्चीत बसून माझ्याशी बोलत नसता. किंवा दोन्ही नाही, आणि त्याच दुपारी तसंच झालं असतं. हे मला कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, सांगता येत नाही.

आता प्रश्न संतोषचा होता. त्याला सांगावं का? ज्यानं हात छातीशी थांबवले, त्याला हे कळलं तर तो ते हात घेऊन कसा जगेल? ती रात्र आणि कालचा दिवस मी गप्प राहिले. काल संध्याकाळी तो दुकानातून आला, बूट काढले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, काय झालंय. मी सांगितलं. ह्या घरात आणखी एक न सांगितलेली गोष्ट मला नको होती.

तो ऐकत राहिला. मध्ये एकदा त्यानं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. मी म्हटलं, त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं होतं का तुला? तो म्हणाला, दिसलं होतं. मी उचलणारच होतो. पण ती माझ्याकडे बघत होती आणि अशी बघत होती, की मला नाही उचलता आली.

त्यानं उठून बूट कोपऱ्यात ठेवले. मग तो म्हणाला, "तिला सगळं माहीत होतं, तर मला कशाला उभं केलं तिनं तिथं?"

मी त्यालाच विचारलं, तुला काय वाटतं.

"मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं ना," तो म्हणाला. "एकदा बघावं ह्यानं, असं वाटलं असेल तिला." आणि मग तो रडला. तेराव्यापर्यंत रडला नव्हता, काल रडला.

त्याचं उत्तर खोटं नाही. ते त्याला पुरेल आणि ते त्याच्याकडेच राहायला हवं. पण माझं उत्तर निराळं आहे. त्या वळणावर ह्या वेळी काहीही होऊ शकतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तिथं मी उभी असते आणि तुम्ही पडला असतात, तर ह्या घरात, बिदरात, सगळ्या गणगोतात मी जन्मभर सासूला मारणारी सून झाले असते. संतोषच्या डोळ्यांतसुद्धा, कधी ना कधी. पोटच्या पोराला तसं कुणी म्हणणार नव्हतं. तुम्ही त्याला पुढे उभं केलंत आणि मला उचलून वर, सावलीत नेऊन बसवलंत.

हे मी संतोषला सांगितलेलं नाही. कधी सांगणारही नाही. आई, एवढं एक आपल्या दोघींत राहू दे.